फिरता कॅमेरा व लांबची तार

पहारेकऱ्याचें काम रात्रभर डोळे उघडे ठेवण्याचें आहे, असें आपण म्हणतों. परंतु थोडा विचार केला असतां दिसून येईल कीं, त्याचें खरें काम ऐन प्रसंगीं डोळे उघडे असण्याचें होय. सारी रात्र जागून जो नेमका चोर कुंपण चढूं लागतांच डुलकी घेतो, त्याच्या जागरणाची किंमत कवडीचीही नाहीं. आज शाळा, वसतिगृहें, इस्पितळें व कारखाने यांच्या फाटकांवर मनुष्याच्या जोडीस सुरक्षा-कॅमेरा येऊन उभा राहिला आहे. त्यांतही जो कॅमेरा मोटारीच्या साहाय्यानें डावी-उजवीकडे वळतो, वर-खालीं पाहतो व दूरची वस्तु जवळ आणून दाखवितो, त्याचें कौतुक विशेष. त्या कौतुकाच्या भरांत, त्याच्यामागें जी एक साधी तार असते तिच्याकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. कार्यालयापासून फाटक दूर असेल, तर हीच तार कॅमेऱ्यास ऐन वेळीं आंधळा करूं शकते. तें कां व कसें, आणि त्यावर उपाय कोणते, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय विजेचा असला तरी शालेय पदार्थविज्ञानांतील एका नियमापलीकडचें गणित त्यांत नाहीं.

हा विषय वाटतो तितका किरकोळ नाहीं. एखाद्या जागीं कॅमेरा मुळींच नसेल, तर तेथें माणूस तरी उभा करतात. पण कॅमेरा आहे या भरंवशावर माणूस काढून घेतला आणि कॅमेरा संकटसमयीं मिटला, तर ती जागा पूर्वीपेक्षां अधिक असुरक्षित झाली असेंच म्हटलें पाहिजे. वसतिगृहांत दुसऱ्यांचीं मुलें विश्वासानें झोपलेलीं असतात. तेथें असा खोटा भरंवसा उपयोगाचा नाहीं.

प्रथम हा कॅमेरा काय मागतो तें पाहूं. फिरत्या कॅमेऱ्याच्या बाबतींत तीन गोष्टींची ने-आण करावी लागते. पहिली, त्यास चालविणारी वीज. दुसरी, “डावीकडे वळ”, “वर पहा”, “दृश्य जवळ आण” अशा आज्ञा. आणि तिसरी, त्यानें पाहिलेलें चित्र, जें उलट दिशेनें कार्यालयांत यावयाचें. जुन्या धाटणीच्या, म्हणजे ज्यांस अ‍ॅनॅलॉग म्हणतात अशा, पुष्कळ कॅमेऱ्यांत या तीन गोष्टींस तीन निरनिराळ्या तारा लागतात. नव्या धाटणीच्या, म्हणजे संगणकाच्या जाळ्यावर चालणाऱ्या, कॅमेऱ्यांत तिन्ही गोष्टी एकाच केबलमधून जाऊं शकतात. लांबीचा त्रास दोहोंतही आहे. तो निरनिराळ्या रूपानें प्रकट होतो, इतकेंच. तिन्हींपैकीं विजेची बाजू सर्वांत अधिक फसविणारी असल्यामुळें तिच्यापासून आरंभ करूं.

ज्या नियमावर हा सारा हिशेब उभा आहे, तो जॉर्ज सायमन ओहम या जर्मन गृहस्थानें १८२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. ओहम हा कांहीं मोठ्या विद्यापीठांतील आचार्य नव्हता. १८१७ सालापासून तो कोलोन शहरांतील जेसुइट विद्यालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि शाळेचें काम संभाळून तो तारांवर प्रयोग करी. त्याच्या शोधाचें स्वदेशांत प्रथम चीज झालें नाहीं. पुढें १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कोपले पदक देऊन त्याचा गौरव केला. त्याचा नियम असा कीं, तारेंतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या ॲंपियरांस तारेच्या रोधाच्या ओहमांनीं गुणिलें, म्हणजे त्या तारेंत किती व्होल्ट दाब खर्च झाला तें मिळतें. प्रवाह दुप्पट झाला कीं वाटेंत हरवणारा दाबही दुप्पट होतो.

हें ध्यानांत येण्यास गांवच्या नळाचा दृष्टांत पुरे आहे. टाकीपासून दूर असलेल्या शेवटच्या घराचा नळ बंद असतां त्याच्या तोटीशीं पाण्याचा दाब भरपूर असतो. तोटी किंचित् उघडली तर पाणी जोरानें उडतें. परंतु ती पूर्ण उघडून घागर भरूं लागावें, तों धार मंद होते. कारण वाहत्या पाण्याचा जोर लांब नळाशीं घर्षण करण्यांत खर्च होतो. जो केवळ तोटी किलकिली करून दाब पाहील त्याची फसगत होईल. विजेच्या तारेचीही हीच गोष्ट आहे. तिचा दोष ती मोकळी असतां दिसत नाहीं. तिच्यावर भार पडला म्हणजेच दिसतो.

आतां एक उदाहरण घेऊं. शाळेचें कार्यालय व मागील फाटक यांमध्यें १८० मीटर अंतर आहे. कार्यालयांत एक ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टांचे २४ व्होल्ट करतो आणि ती वीज तांब्याच्या तारेनें कॅमेऱ्याकडे जाते. पुष्कळ लोक येथें तारेची लांबी १८० मीटर धरतात. परंतु प्रवाहास जावें लागतें तसें परतही यावें लागतें, म्हणून हिशेबाची लांबी ३६० मीटर होय. कॅमेरा दिवसां स्वस्थपणें एकाच दिशेस पाहत असतां ०.३ ॲंपियर घेतो, आणि रात्रीं अंधारांत पाहण्याचे अवरक्त किरणांचे दिवे लागून शिवाय दोन्ही मोटारी चालूं झाल्या म्हणजे १.५ ॲंपियर घेतो, असें समजूं. प्रत्यक्षांतील आंकडे त्या त्या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकांत छापलेले असतात. त्यांतील जो सर्वांत मोठा असेल तोच घ्यावा. कॅमेऱ्यास २४ व्होल्टांपेक्षां शेंकडा १० इतका कमी-अधिक दाब चालतो असेंही धरूं; म्हणजे २१.६ हून कमी व २६.४ हून अधिक दाब त्यास सोसावयाचा नाहीं.

एक चौरस मिलिमीटर छेद असलेल्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सियस उष्णतामानांत सुमारें ०.०१७२ ओहम असतो. त्या जाडीच्या ३६० मीटर तारेचा रोध सुमारें ६.२ ओहम झाला. दिवसां ०.३ ॲंपियरांस १.९ व्होल्ट वाटेंत जातात व कॅमेऱ्यास २२.१ व्होल्ट मिळतात. सर्व ठीक दिसतें. तार ओढणारा कारागीर समाधानानें घरीं जातो. रात्र पडते, दिवे लागतात, कोणी संशयित हालचाल पाहून कॅमेरा वळवूं जातो, आणि प्रवाह १.५ ॲंपियर होऊं लागतो. तेवढ्या प्रवाहास ९.३ व्होल्ट वाटेंतच गळून पडतात आणि कॅमेऱ्यापाशीं १४.७ व्होल्ट उरतात. इतक्या दाबावर तो चालूं शकत नाहीं.

अशा वेळीं कॅमेरा काय करतो तें पाहण्यासारखें आहे. दाब कोसळतांच त्याचा अंतर्गत संगणक बंद पडतो व चित्र नाहींसें होतें. मोटारी थांबल्या कीं भार उतरतो, दाब पुन्हां चढतो आणि कॅमेरा जागा होतो. जागा होतांच आपले सांधे तपासून पाहण्यासाठीं तो एकदां पूर्ण वळसा घेतो, ही त्याची शिकवणच आहे. आणि त्या वळशाच्या भारानें तो पुन्हां कोसळतो. अशी ही उठबस सकाळपर्यंत चालूं राहते. उजेड पडला, दिवे विझले, कीं कॅमेरा शहाण्यासारखा वागूं लागतो. आणि दुरुस्ती करणारा दिवसां येऊन “यांत कांहींच बिघाड नाहीं” असें सांगून जातो. ज्या कॅमेऱ्याची तक्रार नेहमीं रात्रींचीच असते, त्याची तार प्रथम तपासावी.

शिवाय आणखी एक अडचण आहे. आधुनिक कॅमेऱ्यांतील विद्युत्साधन आपल्या कामापुरती शक्ति कशीही करून ओढूं पाहतें. दाब कमी पडला तर तें प्रवाह अधिक घेतें, आणि त्या अधिक प्रवाहानें दाब आणखी पडतो. गणितानें असें दाखवितां येतें कीं, २४ व्होल्टांच्या उगमापासून ६.२ ओहमांच्या तारेंतून दूरच्या टोकास २३ वॅटांहून अधिक शक्ति कोणत्याही युक्तीनें पोंचवितां येत नाहीं. आमच्या कॅमेऱ्यास तर ३६ वॅट पाहिजेत. तेव्हां येथें कॅमेरा बदलून, कारागीर बदलून किंवा कंपनीस पत्रें लिहून कांहीं उपयोग नाहीं; तार बदलली पाहिजे किंवा पद्धति बदलली पाहिजे.

सुचणारा पहिला उपाय म्हणजे कार्यालयांतील दाबच वाढविणें. ९.३ व्होल्ट हरवतात ना, मग आरंभींच ३३.३ व्होल्ट द्यावे! हा उपाय घातक आहे. रात्रीं भार असतां कॅमेऱ्यास बरोबर २४ व्होल्ट मिळतील खरे. पण सकाळीं तो स्वस्थ बसला असतां वाटेंत केवळ १.९ व्होल्ट जातील, आणि त्याच्या पदरीं ३१.४ व्होल्ट पडतील. रात्रीं उपाशी राहणारा कॅमेरा दिवसां अजीर्णानें मरावयाचा. कांहीं ट्रान्सफॉर्मरांवर २४ व्होल्टांच्या जोडीस २८ व्होल्टांची वेगळी खूण असते, ती थोड्याशा तुटीकरितां आहे. मोठी तूट भरून काढण्याकरितां नाहीं.

दुसरा उपाय तार जाड करण्याचा. छेद दुप्पट केला कीं रोध निम्मा होतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली तर ३६० मीटरांचा रोध २.४८ ओहम होऊन कॅमेऱ्यास भाराच्या वेळीं २०.३ व्होल्ट मिळतात, तेही अपुरेच. चार चौरस मिलिमीटरची तार घातली तर रोध १.५५ ओहम होतो व २१.७ व्होल्ट मिळतात. कागदावर हें चालतें. पण केवळ एक दशांश व्होल्टानें! वैशाखाच्या उन्हांत तारेचें उष्णतामान २० वरून ४५ अंशांवर गेलें, कीं तांब्याचा रोध शेंकडा १० नें वाढतो आणि ही पुंजी संपून जाते. म्हणून ज्या हिशेबांत उत्तर काठावर येतें, तो हिशेब पुढें गेला असें न समजतां परत घ्यावा. शिवाय चार चौरस मिलिमीटर तांब्याची किंमत लांब अंतरावर बरीच होते.

तिसरा उपाय सर्वांत शास्त्रीय आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्रांत शंभराहून अधिक वर्षें डोळ्यांसमोर उभा आहे. १९१५ सालीं टाटा कंपनीचें खोपोलीचें वीजघर सुरू झालें, तेव्हां सह्याद्रीवर सांठविलेल्या पावसाच्या पाण्यानें निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत न्यावयाची होती. ती कमी दाबानें नेली असती तर वाटेंतच संपली असती. म्हणून ती फार मोठ्या दाबानें नेली आणि मुंबईस पोंचल्यावर दाब उतरविला. तत्त्व हें कीं, तीच शक्ति दसपट दाबानें पाठविली तर प्रवाह एक दशांश लागतो. वाटेंत हरवणारे व्होल्टही एक दशांश होतात. आणि मूळचा दाब दसपट असल्यामुळें तुटीचें प्रमाण शंभरांश होतें. आमच्या फाटकासही हेंच तत्त्व लावावें. २३० व्होल्टांची वीज फाटकापर्यंत न्यावी आणि कॅमेऱ्याच्या खांबापाशीं, कुलूपबंद व पाऊस न शिरणाऱ्या पेटींत ट्रान्सफॉर्मर बसवावा. ट्रान्सफॉर्मरची स्वतःची भूक धरून ४५ वॅट लागले, तरी प्रवाह सुमारें ०.२ ॲंपियर होतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेंतही वाटेंत एक व्होल्टदेखील जात नाहीं. आणि २३० व्होल्टांत एका व्होल्टाची मातबरी ती काय?

मात्र २३० व्होल्ट म्हणजे खेळ नव्हे. ती तार परवानाधारक वायरमनकडूनच घालवून घ्यावी. जमिनींतून न्यावयाची तर पोलादी तारांचें कवच असलेली आर्मर्ड केबल घ्यावी. तिच्या आरंभीं योग्य सर्किट ब्रेकर व गळती होतांच प्रवाह तोडणारें साधन असावें. आणि पेटी व खांब यांस अर्थिंग असावें. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं हिशेब करावा, मापें घ्यावीं, नकाशा काढावा. पण २३० व्होल्टांच्या पेटीस हात लावूं नये. ज्यांस हें भय नको असेल त्यांनीं मधला मार्ग धरावा. ४८ व्होल्टांचा एकदिश प्रवाह न्यावा व कॅमेऱ्यापाशीं दाब उतरविणारें साधन बसवावें. दाब दुप्पट झाल्यानें तुटीचें प्रमाण चौथाई होतें, अडीच चौरस मिलिमीटरची तार पुरते, आणि धक्क्याचें भयही पुष्कळ कमी असतें.

आतां आज्ञांच्या तारेकडे वळूं. अ‍ॅनॅलॉग फिरत्या कॅमेऱ्यांस आज्ञा पाठविण्याची आर.एस. ४८५ नांवाची पद्धति रूढ आहे. तींत एकमेकींस पीळ घातलेल्या दोन तारा असतात. घेणारें यंत्र प्रत्येक तारेवरचा दाब निराळा न पाहतां दोहोंमधील अंतर पाहतें. बाहेरून विजेचा कांहीं उपद्रव आला तर तो दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि वजाबाकींत नाहींसा होतो. या युक्तीमुळें मंद गतीच्या आज्ञा १२०० मीटरपर्यंत निर्वेध पोंचतात. म्हणजे आमच्या १८० मीटरांची त्यांस मुळींच अडचण नाहीं. तरीही येथें तीन पथ्यें पाळावीं लागतात. एक, अनेक कॅमेरे असल्यास तार एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी माळेसारखी न्यावी. एका मध्यबिंदूपासून चहूंकडे फांद्या फोडूं नयेत. दोन, माळेच्या दोन्ही टोकांस, आणि केवळ टोकांसच, १२० ओहमांचा रोध जोडावा. नाहींतर टोकास आपटून परत येणारा प्रतिध्वनि मूळ आज्ञेंत मिसळतो. तीन, आज्ञा देणाऱ्या यंत्रांत व कॅमेऱ्यांत आज्ञांची भाषा, गति आणि कॅमेऱ्याचा क्रमांक हीं तिन्ही सारखीं ठरवावीं. ज्या कॅमेऱ्याचें चित्र स्वच्छ दिसतें पण जो वळत नाहीं, त्याच्या बाबतींत तार उपटण्यापूर्वीं हीं तीन पथ्यें, व दोन तारांची अदलाबदल तर झाली नाहीं ना, एवढें पाहून घ्यावें.

चित्र आणण्यासाठीं अ‍ॅनॅलॉग पद्धतींत ७५ ओहमांची कोअ‍ॅक्सियल केबल वापरतात. तिच्या मधली तार शुद्ध तांब्याची असावी. दूरदर्शनच्या जोडणीकरितां मिळणाऱ्या कांहीं केबलींत मध्यें लोखंडाची तार असून तिच्यावर तांब्याचा केवळ मुलामा असतो, ती येथें चालत नाहीं. लांब केबलींत एक विशेष दोष संभवतो. कार्यालयाची जमीन आणि फाटकाची जमीन यांच्या विद्युद्दाबांत किंचित् फरक असतो. केबलचें बाहेरचें वेष्टन दोन्ही टोकांस जमिनीशीं जोडलें गेलें, तर त्यांतून नसता प्रवाह वाहूं लागतो, व चित्रांत आडवे काळसर पट्टे हळूहळू सरकतांना दिसतात. कारागीर यास कॅमेऱ्याचा दोष समजतात. पण तो जमिनीचा दोष असतो. वेष्टन एकाच टोकास जमिनीशीं जोडलेलें ठेवणें, किंवा दोन टोकांमधील विद्युत्संबंध तोडणारें साधन मध्यें घालणें, हा त्यावर उपाय. मात्र या उपायाच्या नांवाखालीं खांबाचें संरक्षक अर्थिंग कोणीही तोडूं नये. चित्रांतील पट्ट्यापेक्षां मनुष्याचा प्राण मोलाचा आहे.

संगणकाच्या जाळ्यावर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत हे पट्टे नाहींत. त्यांत आठ तारांच्या एकाच केबलमधून चित्र, आज्ञा व वीज तिन्ही जातात. पण त्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे, आणि आमचें फाटक १८० मीटरांवर! या पद्धतीचे नियम आय.ई.ई.ई. या संस्थेनें घालून दिले आहेत, आणि त्यांतील आंकडे विचार करण्यासारखे आहेत. २००३ सालच्या नियमाप्रमाणें उगमापाशीं १५.४ वॅट द्यावे, व कॅमेऱ्यानें १२.९५ वॅटच मिळतील असें धरून चालावें. २००९ च्या नियमांत उगमापाशीं ३० व टोकास २५.५ वॅट, २०१८ च्या नियमांत उगमापाशीं ९० वॅटांपर्यंत, तर टोकास ७१.३. प्रत्येक जोडींतील फरक हा तारेचा वांटा आहे. ज्यांनीं नियम केले त्यांनीं तारेची भूक आधींच हिशेबांत धरली. आमच्या ३६ वॅटांच्या कॅमेऱ्यास २००९ चा नियम अपुरा, २०१८ चा पुरेसा, हें यावरून सहज कळतें.

या केबलच्या बाबतींत बाजारांतील एका फसवणुकीविषयीं सावध केलें पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर दिलेली केबल शुद्ध तांब्याच्या केबलपेक्षां स्वस्त मिळते व दिसावयास तशीच दिसते. तिचा रोध सुमारें दीडपट असतो. तारेचें टोक चाकूनें खरवडून पहावें. आंतून पांढरें निघालें तर ती परत करावी.

शंभर मीटरांपलीकडे जाण्यास दोन मार्ग आहेत. मध्यें एक जोडयंत्र बसवून पुढची केबल तेथून नवी सुरू करणें हा एक. पण त्या यंत्रासही वीज, पेटी व देखरेख लागते. दुसरा मार्ग कांचतंतूच्या केबलचा. तींत चित्र व आज्ञा प्रकाशरूपानें जातात. शेंकडों मीटर अंतर तिला कांहींच वाटत नाहीं, आणि कांच विद्युद्वाहक नसल्यामुळें जमिनीचे दोष व विजेचे उपद्रव तिच्यांतून येत नाहींत. मात्र कांचेंतून मोटार फिरविण्याइतकी शक्ति जात नाहीं. तेव्हां कांचतंतु घातला तरी विजेची तार व तिचा पूर्वोक्त हिशेब सुटत नाहींच.

आपल्याकडे वळवाच्या पावसांत, तसेंच परतीच्या पावसांत, आभाळांतील विजेचें भय असतें. वीज खांबावर न पडतां जवळपास पडली तरी १८० मीटर लांबीच्या तारेंत क्षणभर प्रचंड दाब उत्पन्न होतो. म्हणून तांब्याच्या प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस दाबनिवारक साधन बसवून त्यास जवळचें व चांगलें अर्थिंग द्यावें. अर्थिंगाशिवाय तें साधन म्हणजे वाट नसलेला सांडवा होय. पाणी चढलें तर जाणार कोठें?

पावसाळ्याचा विचारही आरंभींच करावा. बाजारांत तारेचें एक बंडल बहुधा ९० मीटरांचें असतें. म्हणजे १८० मीटरांच्या वाटेंत जोड येणारच. तो जोड जमिनींत पुरूं नये. जमिनीवर, पेटींत, पुन्हां उघडून पाहतां येईल असा ठेवावा. आर्मर्ड केबल ड्रमवरून हवी तितकी कापून मिळते, हा तिचा आणखी एक गुण. पेटींत केबल नेहमीं खालच्या बाजूनें घ्यावी व शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोळ ठेवावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारें पाणी झोळाशींच गळून पडतें. २३० व्होल्टांची तार आणि चित्राची तार एकाच पाइपांत घालूं नयेत. पुरलेल्या केबलवर वाळू व विटांचा थर द्यावा, आणि तिचा मार्ग नकाशावर उतरवून तो कार्यालयांत ठेवावा. कारण पांच वर्षांनीं माळी झाडासाठीं खड्डा खणील तेव्हां केबल पुरणारा तेथें हजर नसेल.

काम पुरें झालें म्हणजे परीक्षा कशी घ्यावी? वीज जोडण्यापूर्वीं दूरच्या टोकास दोन्ही तारा एकत्र जोडून कार्यालयाकडील टोकास मल्टिमीटरनें रोध मोजावा. अडीच चौरस मिलिमीटरच्या आमच्या तारेस तो सुमारें अडीच ओहम यावा. पुष्कळ अधिक आला तर जोड ढिला आहे, किंवा तार कबूल केलेल्या जाडीची अथवा शुद्ध तांब्याची नाहीं. मग जोडलेल्या तारा मोकळ्या करून वीज द्यावी आणि रात्रीं, दिवे लागलेले असतां, कॅमेरा आडवा व उभा एकदमच फिरवीत ठेवून त्याच्यापाशीं असलेला कमी दाबाच्या विजेचा दाब वायरमनकडून मोजून घ्यावा. हाच आंकडा खरा. दिवसां, स्वस्थ कॅमेऱ्यापाशीं घेतलेलें माप म्हणजे तोटी किलकिली करून पाहिलेला नळ होय.

एवढ्या साऱ्या विवेचनाचें सार एका वाक्यांत सांगतां येतें: तार नेहमींच्या भारास पुरेल अशी निवडूं नये, सर्वांत कठीण क्षणाच्या भारास पुरेल अशी निवडावी. शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दाखला आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. दहाही जणींपाशीं दिवे होते, आणि संध्याकाळीं ते सर्व सारखेच दिसत असतील. भेद पडला तो मध्यरात्रीं, आणि तो दिव्यांत नव्हता. बरोबर घेतलेल्या तेलांत होता. कॅमेरा विकत घेणें म्हणजे दिवा घेणें होय. तारेचा हिशेब करणें म्हणजे तेल घेणें. तें दुकानांत शोभून दिसत नाहीं, उद्घाटनाच्या दिवशीं त्याचें कोणी कौतुक करीत नाहीं, पण रात्र त्यावरच निभावते. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें या धंद्यांत पडले, तर त्यांनीं माहितीपत्रकांतील सर्वांत मोठा आंकडा, जाण्या-येण्याची दुहेरी लांबी आणि रात्रींचें माप, या तीन गोष्टी विसरूं नयेत, एवढीच आमची सूचना आहे.